शांत मल्लाचा अपराध

गेल्या चैत्रांत अंबडपासून फारशा दूर नसलेल्या एका गांवच्या जत्रेंत कुस्त्यांचा फड पाहण्याचा योग आला. आमच्या अंबडला आतां गांव म्हणावें कीं कारखान्यांची वसाहत म्हणावें, हा प्रश्नच आहे; तरी पहिली पाळी सुटल्यावर जेवणाचा डबा मोटारसायकलला अडकवून थेट फडाकडे निघालेले कामगार पाहिले, म्हणजे यंत्रांखालची माती अद्याप पुरती दबलेली नाहीं, अशी खात्री पटते. माझ्यासमवेत महाविद्यालयांतील एक सहाध्यापक होते. ते विद्वान आहेत, बहुश्रुत आहेत, आणि कोणत्याहि विषयावर पांच मिनिटांत मत बनवूं शकतात. प्रस्तुत लेख त्यांच्याच एका मताला उत्तर म्हणून लिहीत आहें. मात्र तें मत त्यांच्या एकट्याचें असतें, तर एवढी शाई खर्चण्याचें कारण नव्हतें.

मोठ्या जोडींपैकीं एक कुस्ती चाळिशीला टेकलेल्या एका मल्लाची आणि बाविशी-तेविशीच्या एका जवानाची लागली. जवान हौद्यांत उतरला तो उडी घेऊनच. त्यानें चारी बाजूंना फिरून शड्डू ठोकले आणि मोबाईल उंचावून बसलेल्या पोरांकडे पाहून दंड फुगवले. प्रौढ मल्ल मागाहून आला. त्यानें चिमूटभर माती कपाळाला लावली, प्रतिस्पर्ध्याच्या वस्तादाला वांकून नमस्कार केला, आणि सलामी झडल्यावर खांदे सैल सोडून तो उभा राहिला. दोन्ही कान मोडलेले, एक गुडघा पट्ट्यानें आवळलेला. चेहऱ्यावर मात्र पोस्टाच्या रांगेंत उभ्या असलेल्या माणसाइतकीच उत्सुकता!

पहिलीं दहा मिनिटें त्यानें जवानाला कांहीं करूं दिलें नाहीं, आणि स्वतः कांहीं केलें असेंहि फारसें दिसलें नाहीं. जवान मानेवर हात टाकी. हा तो हात कोपरापाशीं अडवून खालीं उतरवी. जवान पटासाठीं झेंप घेई. हा कंबर मागें टाकून छातीचा भार त्याच्या मानेवर सोडी, आणि पुन्हां दोघे उभे राहात. बाराव्या मिनिटाच्या सुमारास जवान तोंडानें श्वास घेऊं लागला. माझ्या शेजारीं बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं माझा हात दाबून म्हटलें, "आतां बघा." पण पाहण्याची संधि कोणालाच मिळाली नाहीं. गर्दींतून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. ध्वनिक्षेपकावरील निवेदक म्हणाला, "पैलवान, कुस्ती करायला आलात कीं वारा खायला?" सारा फड हंसला, टाळ्या पडल्या. दोनच मिनिटांत मंडळींनीं कुस्ती बरोबरींत सोडविली, इनाम निम्में निम्में वांटलें, आणि हलगी पुढच्या जोडीसाठीं वाजूं लागली. येथें हेंहि नमूद केलें पाहिजे कीं, हंसणाऱ्यांत मी होतों, आणि टाळ्या वाजविणाऱ्या हातांत माझेहि दोन हात होते.

घरीं परततांना सहाध्यापक म्हणाले, "याच्यापेक्षां दूरचित्रवाणीवरची ती परदेशी कुस्ती बरी. खोटी तर खोटी, पण निदान कांहीं घडतें तरी." मीं मान डोलाविली. वाद घालावा इतका तो विषय मला त्या वेळीं महत्त्वाचा वाटला नाहीं.

त्या हंशाचा हिशेब पंधरा दिवसांनीं पुढें आला. आमच्या महाविद्यालयांतील दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तालमींत जातो. त्याचे वडील अंबडच्या एका कारखान्यांत लेथवर काम करतात. मुलाच्या खुराकासाठीं ते जादा पाळ्या करतात, हें मला ठाऊक आहे. पदवी घेऊन पोलीस भरतीला उतरावें, असा मुलाचा मनसुबा. त्याची कुस्ती त्या प्रौढ मल्लाच्याच वळणाची होती: आधीं चांचपावें, मग थांबावें, आणि वेळ आली म्हणजे एकदम निकाल करावा. पंधरा दिवसांनीं दुसऱ्या एका गांवच्या फडांत त्यानें सलामी झडतांच ढाक मारण्याचा प्रयत्न केला. प्रतिस्पर्ध्याचा तोल अद्याप ढळला नव्हता, त्याची पकड सैल झाली नव्हती. तो तसाच्या तसा या मुलाच्या अंगावर आला आणि मुलाचा खांदा निखळला. मी त्याला भेटावयास गेलों तेव्हां विचारलें, "अरे, इतकी घाई कां केलीस?" तो म्हणाला, "सर, थांबलों असतों तर लोक हंसले असते." आणि थोड्या वेळानें, अगदीं आदरानें, "त्या दिवशीं तुम्हीहि हंसलात."

या लेखाचें प्रयोजन तेवढें एक वाक्य आहे.

माझें म्हणणें असें कीं, शांतपणा हा कुस्तीवर मागाहून चढविलेला अलंकार नाहीं. तो तिचें मूळ भांडवल आहे. मल्लाला तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें मिळतो. आणि तो ओळखण्याची दृष्टि प्रेक्षकांनीं गमावली, तर त्याची किंमत प्रेक्षकांच्या खिशांतून जात नाहीं. ती कोवळ्या पोरांच्या खांद्यांतून आणि गुडघ्यांतून वसूल होते. या म्हणण्यावर विरुद्ध पक्षाचे तीन आरोप आहेत. ते त्यांच्याच शब्दांत मांडतों. पहिला, शांत कुस्ती नीरस असते. दुसरा, शांतपणा म्हणजे वयानें थकलेल्या मल्लानें अंगावर ओढलेली शाल; तिच्याखालीं भीति तरी असते, नाहींतर संगनमत. तिसरा, काळ बदलला. आतांच्या प्रेक्षकाला इतका वेळ नाहीं. तिन्ही आरोपांचा क्रमानें विचार करूं.

नीरसतेचा आरोप करणारे लोक कुस्ती पाहतांना हात पाहतात. हातांत कांहीं विशेष दिसत नाहीं, हें खरें. पाहावयाचें असतें तें पावलांकडे आणि कंबरेकडे. दोन मल्ल खडाखडी करूं लागले, म्हणजे मानेवर पडणारा प्रत्येक हात हा एक प्रश्न असतो. ओढ बसली असतां समोरचा कोणतें पाऊल पुढें टाकतो? हूल दिली तर त्याचे डोळे कोठें जातात? डावीकडून रेटल्यास तो रेट्याला रेटा देतो, कीं रेट्याबरोबर वाहून जातो? उजवा खांदा खालीं जातो तेव्हां पटाची झेंप खरी असते, कीं नुसतें भय घालणें असतें? अनुभवी मल्ल पहिल्या दहा मिनिटांत या प्रश्नांचीं उत्तरें गोळा करीत असतो, आणि तें करतांना स्वतःची उत्तरें लपवीत असतो. त्याच्या चेहऱ्यावर कांहीं दिसत नाहीं, हा त्याच्या कसबाचा भाग आहे. जो मल्ल दांत-ओठ खातो, तो आपला पुढचा डाव समोरच्याला आधींच सांगून टाकतो.

शिवाय शांतपणा हा केवळ मनाचा गुण नव्हे. तो शरीरशास्त्राचा हिशेब आहे. आवळलेला स्नायु लवकर थकतो. ज्यानें मूठ, जबडा आणि मान सदैव ताठ धरली, त्याचें बळ प्रतिस्पर्ध्याला स्पर्श होण्यापूर्वींच खर्ची पडूं लागतें. खांदे सैल सोडून नाकानें श्वास घेणारा मल्ल तेंच बळ राखून ठेवतो आणि समोरच्याच्या अंगावर आपला भार टाकून त्यालाच तो वाहावयास लावतो. मानेवर रेललेलें थोराड मल्लाचें वजन दहा मिनिटें सांभाळून पाहावें, म्हणजे "कांहीं घडत नाहीं" या वाक्याचा अर्थ मानेलाच कळेल! बाराव्या मिनिटाला जवानाचें तोंड उघडलें, ती त्या कुस्तींतली सर्वांत मोठी घटना होती. ती त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीं पाहिली. आम्हां दोन अध्यापकांना ती दिसली नाहीं.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत विलंबित ख्याल ऐकण्याची रीत आहे. गवई षड्जावर थांबला असतां "तान कधीं घेणार?" म्हणून ओरडणाऱ्याला आपण उठवून बाहेर पाठवूं. एकेक स्वर बढत जातो, राग हळूहळू उभा राहतो, आणि म्हणूनच पुढें येणारी तान अंगावर कांटा आणते, हें आपल्याला कोणी तरी बसवून शिकविलें आहे. कुस्तीच्या बाबतींत तें शिक्षण आपण घेतलें नाहीं, आणि आपल्या अज्ञानाला कुस्तीचा दोष म्हणतों. गाणें आपलें आणि माती गांवकऱ्यांची, अशी जी एक वांटणी आपण मनाशीं करून ठेवली आहे, तिचा यांत किती वाटा आहे, हें ज्यानें त्यानें पाहावें.

आतां दुसरा आरोप. शांतपणाच्या शालीखालीं भीति असूं शकते, हें मला मान्य आहे. इतिहासांत त्याचा मोठा दाखला आहे. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें आपला गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती झाली. गामाच्या पहिल्या झपाट्यांतच आपला निभाव लागत नाहीं, असें पाहून झ्बिस्कोनें जमिनीला मिठी मारली, आणि अडीच तासांहून अधिक वेळ तो बव्हंशीं तसाच पडून राहिला. अखेर कुस्ती बरोबरींत सोडविली. पुढच्या आठवड्यांत ती पुन्हां व्हावयाची होती; त्या दिवशीं झ्बिस्को आलाच नाहीं. सन १९२८ मध्यें पतियाळा येथें दोघांची पुन्हां गांठ पडली, तेव्हां गामानें मिनिटाच्या आंत निकाल लावला. या दोन कुस्त्यांत आमच्या वादाचें उत्तर आहे. लंडनला अडीच तास हालचाल न करणारा मल्ल शांत नव्हता. तो जड झाला होता. शांत मल्ल थांबतो तो कांहीं करण्यासाठीं. भ्यालेला मल्ल थांबतो तो कांहीं होऊं नये म्हणून. एकाचीं पावलें सतत जागा शोधीत असतात, दुसऱ्याचीं पावलें दिसतच नाहींत. हा भेद ज्याला ओळखतां येत नाहीं, त्यानें निदान शिट्टी वाजवूं नये.

संगनमताचें काय? नुरा कुस्ती हा कुस्तीला लागलेला जुना रोग आहे, आणि मी त्याचें समर्थन करणार नाहीं. पण थोडा विचार केला तर दिसेल कीं, ठरवून केलेल्या कुस्तीला शांतपणा परवडत नाहीं. तिला प्रेक्षकांचा संशय बुजवावयाचा असतो. म्हणून तींत शड्डू अधिक, आरोळ्या अधिक, उड्या अधिक. एखाद्या दुकानदाराचा माल खोटा असला म्हणजे त्याची जाहिरात जशी मोठी होते, तसेंच हें आहे. दिखाऊपणाला इनाम आणि थांबण्याला हंसें, असा दंडक आपण घातला, तर नुरा कुस्ती कमी होणार नाहीं. तिला राजमार्ग मोकळा होईल.

आणि वयाविषयीं म्हणाल, तर जत्रेंत लढणारा मल्ल हा धंदेवाईक मल्ल आहे, हें आपण विसरतों. या शब्दांत कमीपणा कांहीं नाहीं. मीहि धंदेवाईक अध्यापकच आहें. चैत्र-वैशाखांत गांवोगांवच्या जत्रा एकापाठोपाठ येतात; आज या फडांत तर चार दिवसांनीं दुसऱ्या. त्याला पेन्शन नाहीं, भरपगारी रजा नाहीं. गुडघा गेला कीं धंदा गेला. कुस्ती सुटल्यावर तो प्रौढ मल्ल पाण्याच्या टँकरपाशीं अंगावरची माती धूत होता. मीं जवळ जाऊन उगीचच विचारलें, "आणखी पांच मिनिटें मिळालीं असतीं तर?" तो हंसला. "मिळालीं नाहींत, सर. तें जाऊं द्या. घाई त्याला होती. मला परवां दुसऱ्या जत्रेंत उभं राहायचं आहे, आणि तेंहि दोन्ही पायांवर." व्यापारी भांडवल जपतो तेव्हां आपण त्याला शहाणा म्हणतों. या माणसाचें सारें भांडवल कातडीच्या आंत आहे; तें जपल्याबद्दल त्याला भेकड कां म्हणावें?

राहिला काळाचा आरोप. काळ बदलला आहे, यांत शंका नाहीं. मॅटवरची आंतरराष्ट्रीय कुस्ती आतां तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. फ्रीस्टाईलमध्यें जो मल्ल ताकीद देऊनहि चढाई करीत नाहीं, त्याच्यावर तीस सेकंदांचें घड्याळ लागतें. तेवढ्या वेळांत दोघांपैकीं कोणींच गुण मिळविला नाहीं, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. या नियमाशीं माझें भांडण नाहीं. तो झ्बिस्कोसाठीं केलेला नियम आहे. सहा मिनिटांतहि शांतपणाला जागा असते. फक्त दहा मिनिटांचें काम दोन मिनिटांत करावें लागतें, आणि त्यासाठीं अधिक शांत मन लागतें.

याचा दाखला आमच्याच जिल्ह्याच्या नांवावर आहे. जानेवारी २०२० मध्यें पुण्याच्या बालेवाडीस 'महाराष्ट्र केसरी'ची अंतिम लढत झाली. नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर होते. दोघेहि काका पवार यांच्याच तालमींतले. एकाच वस्तादाच्या हाताखालीं घडलेले दोन मल्ल एकमेकांचे डाव पाठ असतांना लढतात, तेव्हां आतषबाजी होणें शक्य नसतें. सदगीर तीन विरुद्ध दोन गुणांनीं जिंकला. एवढ्या मोठ्या किताबाचा निकाल एका गुणानें लागला, म्हणून कोणी नाकें मुरडलीं असतील. मला तो एक गुण दहा गुणांहून जड वाटतो. आणि जिंकल्यावर त्यानें काय केलें? हरलेल्या गुरुबंधूला खांद्यावर उचलून घेतलें. गदेसाठीं लढतांना ज्याचें डोकें थंड राहिलें, त्यालाच दुसऱ्या क्षणीं असा उमाळा साधतो.

सहाध्यापकांची ती परदेशी दूरचित्रवाणीवरची कुस्तीहि विचारांत घेऊं. तींत प्रत्येक मल्लाला एक सोंग असतें: कोणी राक्षस, कोणी राजा, कोणी खुनशी. तशा प्रकारची कुस्ती आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्यें पन्नास-साठ वर्षांमागें 'फ्रीस्टाईल' दंगली होत आणि लोक त्यांना लोटत. त्यांतलें खरें किती आणि ठरविलेलें किती, या वादांत मी शिरत नाहीं. मला प्रेक्षकांच्या आवडीविषयीं बोलावयाचें आहे. तेथें किंग काँग होता, त्याच्या अवाढव्य देहाचा आणि डरकाळ्यांचा बोलबाला होता. पण घरोघर नांव झालें तें दारासिंगाचें. धिप्पाड, मंद हंसणारा, उगीच हातवारे न करणारा, असा तो पुरुष. २९ मे १९६८ रोजीं मुंबईंतच त्यानें अमेरिकेच्या लू थेझ याला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळविलें. पुढें १९८७ मध्यें दूरदर्शनवर 'रामायण' आलें, तेव्हां हनुमानाच्या भूमिकेंत त्याला पाहून कोणालाहि नवल वाटलें नाहीं. बळ आणि विनय एकाच देहांत असूं शकतात, हें लोकांना त्यानें आधींच पटवून दिलें होतें. म्हणजे सोंगांच्या बाजारांतहि लोकांनीं निवडला तो शांत मल्लच. मग खऱ्या मातींत त्याची हुर्यो करण्याचें शहाणपण आपण कोठून आणलें?

आतां विरुद्ध बाजूचा एक देखावा. फेब्रुवारी २०२५ मध्यें अहिल्यानगर येथें 'महाराष्ट्र केसरी'च्या लढतींत पंचांच्या निर्णयावरून वाद झाला, आणि एका नामवंत मल्लानें पंचांना लाथ मारली. अंतिम लढतहि वादांतच संपली. पुढें दोन मल्लांवर तीन तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता कीं चूक, हा प्रश्न मी येथें बाजूला ठेवतों. मल्लाचें दुःख खरें असूं शकतें, आणि वर्षाची मेहनत एका शिट्टीसरशीं जातांना पाहणें सोपें नव्हे. परंतु त्या रात्रीं आणि पुढें आठवडाभर ज्या सुशिक्षितांनीं "मल्लांना संयम नाहीं" म्हणून उसासे टाकले, त्यांत जत्रेंत शिट्ट्या वाजविणारे किती होते? विसाव्या वर्षापर्यंत ज्या मुलाला आपण टाळ्यांनीं शिकविलें कीं, आरडाओरडा म्हणजे जोम आणि थांबणें म्हणजे नामर्दपणा, त्यानें पंचविसाव्या वर्षीं पंचांपुढें एकाएकीं स्थितप्रज्ञ व्हावें, ही अपेक्षा कोणत्या न्यायानें करावयाची?

शांत माणसाला आपण कसें वागवितों, याची एक जुनी नोंद आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्यें लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. पुढच्या खेपेस हेलसिंकीला जाण्यासाठीं पैसा जमेना, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आम्हां प्राध्यापकांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. आमच्या जातीचा एक माणूस मल्लाला हंसला नव्हता. १९५२ मध्यें हेलसिंकीस जपानच्या इशीशीं झालेली दीर्घ लढत खाशाबा हरले, आणि मध्यें मिळावयाची विश्रांति न मिळतां त्यांना लगेच सोव्हिएट मल्लापुढें उभें केलें. त्यांची बाजू मांडावयास तेथें कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता. ते थकल्या अंगानें मॅटवर गेले, हरले, आणि बँटमवेट गटाचें कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें मिळावयास १९९६ साल उजाडलें. गांवकऱ्यांनीं १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. नंतर खाशाबा पोलीस खात्यांत नोकरीला लागले, १९८४ मध्यें अपघातांत वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००१ मध्यें, मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं. त्यांनीं आरडाओरडा केला असता, तर कदाचित् आम्हांला लवकर ऐकूं आलें असतें. पण मग तो दोष त्यांचा, कीं आमच्या कानांचा?

केवळ दोष दाखवून थांबणें हें समीक्षकाचें काम असेल. फडांत हंसलेल्या माणसानें कांहीं भरपाई सुचविली पाहिजे. जत्रेच्या मंडळींना माझी विनंति आहे कीं, कुस्तीची वेळ आधीं ठरवावी, ती दोन्ही वस्तादांना सांगावी, आणि मग शिट्ट्यांच्या जोरावर एक मिनिटहि कापूं नये. निवेदकानें मल्लाचें नांव, गांव, तालीम आणि वस्ताद सांगावा. हौद्यांत उभ्या असलेल्या माणसाची थट्टा करण्याचा अधिकार त्याला देऊं नये. बरोबरींत सुटलेल्या कुस्तीचें इनाम भिक्षा घातल्यासारखें न देतां दोघांनाहि मानानें द्यावें. फडाच्या कडेला एक डॉक्टर बसवावा. फेट्यांवर होणाऱ्या खर्चांतून त्याची दक्षिणा सहज निघेल.

आणि ज्यांच्या घरीं हें मासिक जातें, त्या कुटुंबांना माझें सांगणें वेगळें आहे. आपण मुलांना घेऊन फडाला जावें. शाहू महाराजांनीं कोल्हापूरला १९१२ मध्यें खासबागेचें मैदान उभें केलें, तेव्हां बसण्याची जागा चहूंकडून अशी चढती ठेवली कीं, मागच्या माणसालाहि हौदा दिसावा. कुस्ती सर्वांना दिसली पाहिजे, हें एका राजाला कळलें होतें. दिसलेलें समजून घेण्याची जबाबदारी त्यानें आपल्यावर सोडली. शेजारीं कोणी म्हातारा मोडक्या कानांचा गृहस्थ बसला असेल, तर त्याला विचारावें. तो आनंदानें सांगेल. त्याला आजवर कोणी विचारलेलें नसतें.

त्या विद्यार्थ्याचा हात अद्याप गळ्यांत आहे. वर्षभर आखाड्यांत उतरूं नये, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. भरतीचें काय होईल, तें त्याच्या खांद्यावर अवलंबून आहे. मीं त्याची माफी मागितली. त्यानें संकोचून विषय बदलला, आणि वडिलांनीं चहा पुढें केला. ती माफी घरांत मागून भागण्यासारखी नव्हती. हंसें चारचौघांत झालें होतें, म्हणून माफीहि चारचौघांत मागावी, याकरितां हें लिहिलें.

पुढच्या चैत्रांत मी पुन्हां त्या फडाला जाणार आहें. सहाध्यापकांनाहि आमंत्रण दिलें आहे. त्यांनीं तें स्वीकारलें असून एक अट मान्य केली आहे: सलामी झडल्यापासून वीस मिनिटें त्यांनीं मत बनवावयाचें नाहीं.